भांबुर्ड्याचे स्टेशन

स्टेशनांच्या दोन जाती असतात. एका जातीच्या स्टेशनावर माणूस हारतुरे घेऊन निरोप द्यायला जातो. दुसऱ्या जातीच्या स्टेशनावर तो धावत गाडी पकडतो, धावत उतरतो आणि इमारतीकडे मान वर करून पाहतही नाही. 1925 साली उभी राहिलेली पुणे स्टेशनची भारदस्त इमारत पहिल्या जातीची. शिवाजीनगर दुसऱ्या जातीचे. अशा स्टेशनांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून हा उद्योग आज मी अंगावर घेतला आहे.

खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला. बोरघाटातले रूळ व्हायला मात्र 1863 साल उजाडले. तोवर मुंबईकडच्या उतारूंना घाटापुरते गाडीतून उतरून पालखीचा नाहीतर तट्टाचा आश्रय करावा लागे. गाडी बदलणे हे आपल्या नशिबी पहिल्या दिवसापासून आहे, ते असे! पुण्याच्या अलीकडे, मुठेच्या पलीकडच्या काठावर भांबुर्डे नावाचे खेडे होते. पुढे त्याचे शिवाजीनगर झाले. माझी आजी मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना "भांबुर्ड्याला उतरा" असेच बजावीत असे.

1929 साली या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि पुढच्याच वर्षी, 1 जून 1930 रोजी, दख्खनची राणी धावू लागली. 1961 च्या जुलैत पानशेत फुटले, नदीकाठचे संसार वाहून गेले आणि पुष्कळ पुणेकर नदीच्या या बाजूला येऊन राहिले. 1978 साली पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली. खडकी, पिंपरी, चिंचवड, तळेगाव, कामशेत इथला कामकरी, विद्यार्थी आणि दूधवाला तिच्या वेळापत्रकावर आपले घड्याळ लावू लागला.

पण शिवाजीनगरचे खरे वैभव रुळांवर नव्हतेच. ते होते शेजारात. स्टेशनला लागूनच एसटीचा तळ! राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 रोजी धावली, तीही नगर आणि पुणे यांच्याच दरम्यान. त्याच वाटेने माझी मावशी वर्षातून चारदा तळेगावी आईकडे यायची. एका हातात पिशवी, दुसऱ्यात बाजरीच्या पिठाचा डबा, आणि गुडघ्यांचा कायमचा असहकार! एसटीतून उतरायचे, चार पावले चालायचे, लोकलमध्ये बसायचे. ती म्हणायची, "अरे, या दोघी शेजारणी आहेत म्हणून माझे येणे होते. नाहीतर कोण येतो बाबा एवढ्या लांब?"

आम्ही हसत होतो. वास्तविक स्थापत्यशास्त्राचा एक मोठा सिद्धांतच ती सांगत होती.

2019 च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी एसटीचा तळ वाकडेवाडीला हलला. कोणाला बोल लावायचा? जमिनीखाली स्टेशन खणायचे तर वरची जागा मोकळी करावीच लागते. मेट्रोही झाली, आणि चांगली झाली. 1 ऑगस्ट 2023 रोजी शिवाजीनगरचे भुयारी स्थानक उघडले. 29 सप्टेंबर 2024 पासून तिथून थेट स्वारगेटला जाता येऊ लागले. सरकत्या जिन्यावरून खाली उतरताना मलासुद्धा आपण मोठे झाल्यासारखे वाटले.

मात्र एसटीच्या तळाचे 'तात्पुरते' स्थलांतर पाच वर्षे ओलांडून गेले. मध्ये दीड-दोन किलोमीटरच पडले. तुमच्याआमच्या हिशेबी ते काहीच नाही. मावशीच्या हिशेबी मात्र एकदा रिक्षात चढणे, एकदा उतरणे आणि दोन्ही वेळा पिठाचा डबा सांभाळणे. चारदा येणारी मावशी एकदा येऊ लागली. आई कुरकुरत नाही. फक्त भाकरीचे पीठ आता ती वाण्याकडून आणते, आणि दोघी बहिणी फोनवर एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

आता केंद्र सरकारच्या 'अमृत भारत' योजनेत शिवाजीनगर स्टेशनचेही नाव आहे. अशा योजनांत नवी दर्शनी कमान, प्रतीक्षालय, उद्वाहक, रुंद पादचारी पूल असे पुष्कळ काही असते. ते सारे जरूर व्हावे. फलाटावर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला छपराचे मोल सांगावे लागत नाही. पण स्टेशन म्हणजे नुसती इमारत नव्हे. एका वाहनातून दुसऱ्या वाहनापर्यंत माणसाला किती चालावे लागते, तेवढे ते स्टेशन! हे अंतर वाढले, की संगमरवर घातला तरी स्टेशन लांबच गेले म्हणायचे.

म्हणून अशा कामांचे नकाशे काढणाऱ्यांना माझे एकच मागणे आहे. कागदावर फूटपट्टी ठेवण्यापूर्वी त्यांनी पाच किलो पिठाचा डबा हाती घ्यावा आणि एसटीच्या फलाटापासून लोकलच्या डब्यापर्यंत एकदा, अगदी सावकाश, चालून पाहावे.