जे नंतर बसत नाही

डिझेलची लहान गाडी घेणारा माणूस हिशेब करूनच शोरूममध्ये यायचा. तीच गाडी पेट्रोलमध्ये लाखभराने स्वस्त मिळायची, तिचा आवाज कमी असायचा, सर्व्हिसिंगचं बिलही हलकं असायचं. तरी तो डिझेलकडे वळायचा, कारण आपलं रनिंग किती हे त्याने मोजलेलं असायचं. 2012 च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे 25-30 रुपयांचं अंतर होतं, तेव्हाचं गणित मांडून पाहा. पेट्रोल 75 रुपये आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर धरली तर किलोमीटरला 5 रुपये पडतात. डिझेल 45 रुपये आणि 20 किलोमीटर धरलं तर सव्वादोन रुपये. किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचले, म्हणजे वरचे लाख रुपये साधारण 36 हजार किलोमीटरला वसूल. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षं लागतात, पाचशे फिरणाऱ्याला सहा. असं गणित त्या काळात घरोघरी पाठकोऱ्या कागदांवर मांडलं गेलं आणि मला त्याचं मोल वाटतं. पैसे जपून वापरणाऱ्या लोकांनी विचार करून घेतलेली ही गाडी आहे. माझी तक्रार एवढीच की, त्याच टेबलावर एअरबॅग आणि एबीएसचा पर्याय पुढे आला की हाच माणूस हिशेब करायचं थांबवायचा आणि ‘ते राहू द्या’ म्हणून मोकळा व्हायचा.

या गाडीची सगळी वाटचाल आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिली. डिसेंबर 1998 मध्ये इंडिका आली तोवर डिझेल म्हटलं की जीप, ट्रक, टॅक्सी हेच आठवायचं. इंडिकाचं 1405 सीसीचं इंजिन चांगलंच हादरायचं, सिग्नलला उभं राहिलं की खडखड आत ऐकू यायची. पण पाच माणसं आणि त्यांचं सामान घेऊन ती कमी पैशांत लांब जायची. त्याच सुमारास झेनमध्येही प्यूजोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन आलं. 2007 मध्ये स्विफ्टला फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट मिळालं आणि आवाज, धूर, सुस्ती या डिझेलच्या जुन्या तक्रारी बऱ्याच मागे पडल्या. 2010 मध्ये चाकणहून फोक्सवॅगनची पोलो आली. एक्स्ट्रा म्हणून मिळणाऱ्या गोष्टीही या काळात बदलत गेल्या. इंडिकाच्या वेळी एसी आणि पॉवर स्टिअरिंग ही चैन होती, वरचं व्हेरिएंट घेतलं तरच मिळायची. दहा-बारा वर्षांत त्या गृहीत धरल्या जाऊ लागल्या. मग यादीत आले अलॉय व्हील, स्टिअरिंगवरची बटणं, ब्लूटूथ आणि त्यांच्याच ओळीत, तेवढ्याच अक्षरांत छापलेले एबीएस आणि एअरबॅग. घोळ झाला तो इथे, असं मला वाटतं. गाणी ऐकायची सोय आणि जीव वाचवायची सोय या दोन्हींपुढे ब्रोशरमध्ये बरोबरची एकसारखी खूण आली. मग ज्याला जे डोळ्यांना दिसलं ते त्याने घेतलं.

एक्स्ट्रा निवडताना मला एकच कसोटी पटते. ही वस्तू नंतर बाहेरून बसवता येते का? सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा हे सगळं कुठल्याही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात अर्ध्या दिवसात बसतं, बऱ्याचदा शोरूमपेक्षा स्वस्तही पडतं. अलॉय व्हीलसुद्धा पुढे सावकाश घेता येतात. एअरबॅगचं तसं नाही. स्टिअरिंगच्या मधोमध दिसणारं झाकण हा तिचा एक तुकडा झाला. तिच्यामागे बॉडीत बसवलेले धक्क्याचे सेन्सर असतात, त्यांची वेगळी वायरिंग असते आणि हा धक्का खड्ड्याचा की टकरीचा हे ठरवणारा कॉम्प्युटर असतो. तो ठरवतो कसा, तर त्याच मॉडेलच्या गाड्या ठोकून मिळालेल्या मोजमापांवरून. पिशवी सेकंदाच्या तीन शतांश भागात फुगते, ती फुगवायची की नाही, याचा निर्णय त्याआधीच व्हावा लागतो. कोणताही मेकॅनिक हे सगळं गाडीत नंतर घालू शकत नाही. एबीएसचंही तेच. चारही चाकांपाशी वेग मोजणारे सेन्सर, ब्रेकच्या लाइनमध्ये बसलेला व्हॉल्व्हचा ठोकळा आणि पंप हे कारखान्यातच बसतं. म्हणून पैसे मोजके असतील तर ते आधी इथे घालावेत आणि दुकानात मिळणाऱ्या गोष्टी पुढच्या दिवाळीवर ढकलाव्यात. प्रत्यक्षात बहुतेकांनी नेमकं उलट केलं.

आता डिझेलचा जो हिशेब मी वर मांडला, तो इथे लावून पाहू. डिझेल कोण घेतो? ज्याचं रनिंग जास्त तो. तळेगावहून पुण्याला रोज ये-जा करणारा, औषधांच्या कंपनीसाठी चार जिल्हे पालथे घालणारा, दर शनिवारी गावी जाणारा. म्हणजे हायवेवर, घाटात, रात्रीच्या अंधारात ही गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ असते. जास्त किलोमीटर म्हणून डिझेलचा जास्तीचा पैसा लवकर फिटतो, हे ज्याला पटतं, त्याला जास्त किलोमीटर म्हणून धोकाही जास्त, हेही पटायला हवं. एकाच आकड्यातून निघणारी ही दोन उत्तरं आहेत. त्यातलं पैशाचं आपण वापरलं आणि दुसऱ्याकडे पाहिलंच नाही. महिन्याला पाचशे किलोमीटर शहरातच फिरणाऱ्याने एअरबॅग टाळली तर ती चूकच. पण दीड हजार किलोमीटर हायवेला काढणाऱ्याने टाळली तर ती त्याच्याच गणिताशी विसंगत आहे.

शिवाय डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं. आतला दाब जास्त म्हणून भिंती जाड, वर टर्बो, त्याची पाइपिंग, आणि हे सगळं वजन पुढच्या चाकांवर. लहान हॅचबॅकची मागची बाजू मुळातच हलकी, त्यात मागे कुणी बसलेलं नसलं तर आणखी हलकी. उतारावर जोरात ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे जातं आणि मागची चाकं जेमतेम टेकलेली राहतात. अशा वेळी मागचं चाक जाम झालं की गाडीची शेपटी बाजूला सरकते. पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडून पुन्हा धरतं. पेडलवर तेव्हा पायाला जी थरथर लागते, ती त्याच्या कामाची खूण आहे. तिला घाबरून पाय काढायचा नसतो. त्याच्यासोबत येणारी ईबीडी मागच्या चाकांना झेपेल तेवढाच ब्रेक देते. जूनच्या पहिल्या पावसात ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर वर्षभराचं तेल आणि धूळ मिळून जो निसरडा थर होतो, त्यावर या यंत्रणेचं मोल कळतं.

‘मी जपून चालवतो’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खोटा नाही. पण समोरून येणारा जपून चालवेलच असं त्यात कुठेही नाही, आणि आपल्या दुपदरी राज्य महामार्गांवर समोरचा आपल्यापासून हातभर अंतरावरूनच जातो. ‘आपल्याकडे एवढा स्पीड असतो कुठे’ हा दुसरा आक्षेप. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने ठोकून पाहिल्या. हा वेग कुणाला फार वाटणार नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर टेम्पोही त्याहून जोरात जातात. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत चाकणची पोलोही होती. तीच पोलो दोन एअरबॅगांसह ठोकली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. गाडी तीच आणि वेगही तोच. पोलोची बॉडी टिकाऊ ठरली हे खरंच, पण टिकाऊ बॉडीच्या आत स्टिअरिंगवर आपटणारं डोकं मात्र एअरबॅगेशिवाय वाचलं नसतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिनएअरबॅगची स्विफ्टही शून्यावर आली. तिच्या पाच ताऱ्यांच्या, जास्त एअरबॅगा असलेल्या आवृत्त्या तेव्हा परदेशात विकल्या जात होत्या.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: एअरबॅग हवी असणाऱ्याला ती नुसती मिळतच नव्हती. तिच्यासाठी सगळ्यात वरचं व्हेरिएंट घ्यावं लागे आणि त्यासोबत नको असलेले अलॉय, फॉग लॅम्प, क्लायमेट कंट्रोल यांचेही पैसे मोजावे लागत. डिझेलचा लाख आधीच वर गेलेला, त्यावर आणखी लाख कुठून आणायचे? हे खरं आहे, आणि इथे दोष ग्राहकाच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. पुढे मारुतीने खालच्या व्हेरिएंटांच्या नावापुढे कंसात ‘ओ’ लावून एअरबॅग आणि एबीएस वेगळे द्यायला सुरुवात केली, ती त्यामुळेच योग्य होती. पण पोलोच्या बाबतीत झालं ते मला याहून बोलकं वाटतं. चाचणीनंतर फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणंच बंद केलं. पर्याय गेला की भाव वाढतो असं आपण मानतो. पण एकेका व्हेरिएंटसाठी वेगळी वायरिंग, वेगळं स्टिअरिंग, वेगळा डॅशबोर्ड ठेवायचा खर्चही त्याबरोबर जातो. सगळ्यांच्याच गाडीत गेलेली वस्तू स्वस्तात पडते, हे आपण पॉवर स्टिअरिंगच्या बाबतीत आधीच अनुभवलं होतं.

जीव वाचवण्याइतक्या थेट नसलेल्या, पण याच कसोटीला उतरणाऱ्या आणखी दोन गोष्टींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिली मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर. हॅचबॅकची पाठ सरळ कापलेली असते. चालत्या गाडीच्या मागे तिथे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी तो वर ओढून थेट काचेवर आणतो. डिकी मागे आलेल्या सेदानला हा त्रास एवढा नसतो, म्हणून सेदानवरून आलेल्या माणसाला हा वायपर शोभेचा वाटतो. जुलैत महाडच्या बाजूला एक चक्कर झाली की मत बदलतं: आरशात मागच्या ट्रकचे नुसते दोन पिवळे डाग दिसतात. डीफॉगरच्या त्या बारीक तांबूस रेषा काचेतच भाजलेल्या असतात, त्यामुळे तोही नंतर बसवायचा तर काच बदलावी लागते. दुसरी गोष्ट ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करायचा दांडा. घरातली उंच आणि बुटकी माणसं एकच गाडी चालवतात. बुटक्या माणसाला पुढचं दिसावं म्हणून सीट पुढे ओढून स्टिअरिंगला चिकटून बसावं लागतं, आणि छाती स्टिअरिंगच्या अगदी जवळ असेल तर एअरबॅगच इजा करू शकते. सुरक्षित अंतर किमान 25 सेंटिमीटर सांगतात. सीट वर उचलता आली तर मागे सरकूनही रस्ता दिसतो. त्या एका दांड्यामुळे किती बायकांचं ड्रायव्हिंग सोपं झालं असेल, याचा कुणी विचारच केला नाही.

कायद्याने आता हा प्रश्न मिटवला, असं कुणी म्हणेल. एबीएस एप्रिल 2019 पासून सगळ्या गाड्यांना, ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून, शेजारच्या सीटची 2021 संपता संपता. सहा एअरबॅगा सक्तीच्या करण्याचा नितीन गडकरींच्या मंत्रालयाचा प्रस्ताव पुढे ढकलला गेला आणि शेवटी मागे पडला, तरी आज अनेक कंपन्या त्या आपणहून देतात. डिझेलमध्ये अजून मिळणाऱ्या अल्ट्रोझच्या 2025 च्या नव्या आवृत्तीत त्या सगळ्या व्हेरिएंटांना आहेत. पण तारखा नीट पाहिल्या तर वेगळंच दिसतं. डिझेल हॅचबॅकचा सुगीचा काळ 2007 ते 2014. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव पूर्णपणे बाजारावर सोडले गेले आणि दोन इंधनांतलं अंतर आटलं. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचं बीएस-6 मानक आलं आणि मारुती, फोक्सवॅगन दोघांनीही लहान डिझेल गाड्या थांबवल्या. म्हणजे कायदा पोचला तोवर ही गाडी बाजारातून निघायच्या बेतात होती. बहुतेक डिझेल हॅचबॅक विकल्या गेल्या त्या काळात, जेव्हा सगळं काही घेणाऱ्याच्या मर्जीवर होतं.

आणि गाडी पहिल्या मालकापाशी संपत नाही. डिझेल इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटर सहज काढतं, म्हणून तिला दुसरा आणि तिसरा मालक मिळतोच. पहिल्याने एकदा पैसे वाचवले. पंधरा वर्षं त्याची किंमत मात्र ज्यांना निवड करायची संधीच मिळाली नाही, ते लोक मोजतात. आज तालुक्याच्या गावांत आठवड्याच्या बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला भरभरून जाणाऱ्या या गाड्या त्याच आहेत. म्हणून जुनी डिझेल हॅचबॅक पाहायला जाणाऱ्याने मायलेज आणि टायर पाहण्याआधी आरसी बुकवरचं व्हेरिएंट वाचावं. स्टिअरिंगच्या झाकणावर एअरबॅगची खूण म्हणून एसआरएस ही अक्षरं आहेत का पाहावं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, हेही पाहावं. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे आणि लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम काढलेला असू शकतो. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावलेला असेल तर तो आधी उतरवावा, कारण धक्का सेन्सरपर्यंत कसा पोचतो ते तो बदलतो. केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलंही आहे. सीटमधून उघडणाऱ्या साइड एअरबॅगा असतील तर त्यांच्यावर शिवलेलं जाड कव्हर काढावं. मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपले असतील तर तेही बाहेर काढावेत. पट्ट्याशिवाय एअरबॅगचा फारसा उपयोग नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं होतं. आणि दोन सारख्याच गाड्यांपैकी एअरबॅग असलेली वीस हजारांनी महाग असेल, तर ते वीस हजार देऊन तीच घ्यावी. टायर पुढच्या वर्षी बदलले तरी चालतात.