तिकीट काढण्याआधी चार प्रश्न

२०१८ च्या वर्षावासात आमच्या विहारात एका ट्रॅव्हल कंपनीचे पत्रक आले. म्यानमारची धम्मयात्रा! श्वेडगॉन, बगान, सोनेरी खडक. सर्वांत आधी नाव दिले ते शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या मावशींनी. "बाबासाहेब १९५४ ला रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते. त्यांना दीक्षा देणारे भन्ते चंद्रमणी ब्रह्मदेशाचेच. एकदा ती माती बघू द्या."

आम्ही ताडकन म्हणालो, "जायचं नाही." वर्षभरापूर्वीच सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना लष्कराने बांगलादेशात पळायला भाग पाडले होते. चीवर घातलेले काही भिक्खू त्या द्वेषाचे प्रचारक होते. अशा देशात आमचा पैसा कशाला?

मावशींनी शांतपणे विचारले, "तिथल्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईला विचारलंत का रे पोरांनो? तिची रोजी बुडाली तर?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. करूनही आम्ही एका देशाला एकाच शब्दात निकालात काढले होते. म्हणून वाचायला बसलो.

संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, आपल्या धंद्यामुळे कुणाच्या हक्काला धक्का बसतो हे शोधणे, तो टाळणे आणि त्याचा हिशेब देणे ही कंपनीची जबाबदारी आहे. म्यानमारमध्ये या विषयावर काम करणाऱ्या एका केंद्राने २०१५ मध्ये तिथल्या पर्यटन क्षेत्राचे असे मूल्यमापन प्रसिद्ध केले होते. त्यात जमीन, मजुरी, स्त्रिया, मुले, संघर्ष यांचा वेगवेगळा विचार आहे. कारण धोका साऱ्या देशावर सारखा पसरलेला नसतो. तो दुबळ्याच्या दारात साचतो.

त्यातून आम्ही चार प्रश्न काढले.

जमीन कुणाची गेली? जुन्या बगानच्या रहिवाशांना १९९० मध्ये सक्तीने उठवून नव्या बगानला नेले. पर्यटक देवळांचा फोटो काढतो, उठलेले घर फोटोत येत नाही.

घाम कुणाचा? १९९६ च्या पर्यटन वर्षाच्या तयारीत मंडालेच्या राजवाड्याचा खंदक वेठबिगारीने साफ करून घेतला गेला. वेठबिगारी म्हणजे काय हे महारवतन भोगलेल्यांच्या नातवंडांना सांगावे लागत नाही.

दूर कुणाला ठेवले? सोनेरी खडकाला स्त्रियांनी हात लावायचा नाही, सोन्याचा वर्ख फक्त पुरुषांनी लावायचा. राजांच्या काळी तर माणसे पॅगोड्याला गुलाम म्हणून वाहिली जात आणि त्यांची मुलेबाळेही वाळीत राहत. बुद्धाच्या नावाने जन्मावरून विटाळ! हे बघून आम्ही गप्प बसायचे काय?

पैसा कुणाच्या खिशात? लष्कराच्या मालकीच्या कंपन्यांचे हात पर्यटनापर्यंत पोहोचलेले आहेत. घरगुती खानावळीत जेवणे आणि लष्कराच्या कंपनीत पैसे भरणे, दोन्हीला एकच माप लावता येत नाही.

हे प्रश्न लिहून कंपनीला दिले. उत्तर आले ते फक्त व्हिसाचे आणि शाकाहारी जेवणाचे. मग मावशींनीच नाव काढून घेतले. म्हणाल्या, "ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती माझे पैसे नाहीत." पुढे १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ताच बळकावली. आमचा 'नाही' बरोबर ठरला असे कुणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. निष्कर्ष बरोबर होता, पण तो कष्टाविना काढलेला होता. कष्टाचा प्रश्न मावशींचा होता.

त्याच पैशात मावशी आमच्यासोबत अजिंठ्याला आल्या. गुडघे दुखत होते, डोलीवाले पुढे आले. त्यांनी आधी विचारले, "दिवसाचं किती सुटतं? पडलात तर दवाखाना कोण करतं?" चौघेही एकमेकांकडे बघत राहिले. मावशी त्यांच्याशी बोलत पायरीवर बसल्या. नंतर काठी टेकत, थांबत थांबत चढल्या.

मित्रांनो, परदेशाला लावलेली फूटपट्टी आपल्या अंगणातही लावावी लागते. धम्मयात्रा काढणाऱ्या प्रत्येक मंडळाने पत्रक छापण्याआधी हे चार प्रश्न विचारावेत. तथागतांच्या मूर्तीपुढे हात जोडताना आपल्याला इथवर कुणी वाहून आणले, हे ठाऊक असायला नको काय?

जय भीम!