न भावलेली कादंबरी

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन युवतीने एक इंग्रजी कादंबरी आमच्या हाती ठेवली आणि म्हणाली, "फादर, वाचाच. रडू आल्याशिवाय राहणार नाही." जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची ही 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' २०१२ साली प्रसिद्ध झाली. दोन रात्रींत आम्ही ती वाचून संपवली. डोळे कोरडेच राहिले.

कथा इंडियानापोलिस शहरातली. सोळा वर्षांच्या हेझेलचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेला. प्राणवायूची टाकी सदैव सोबतीला. ऑगस्टसने हाडाच्या कर्करोगात एक पाय गमावलेला. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या रुग्णांच्या मेळाव्यात दोघांची भेट होते, प्रेम जडते. आणि आधी जातो तो ऑगस्टस.

आम्हांला खटकली ती त्यांची वाणी. मरणाच्या दारातही त्यांच्या ओठी चमकदार वाक्य तयार असते. ऑगस्टस न पेटवलेली सिगारेट तोंडात धरतो आणि तिचा रूपकार्थही समजावून देतो. पंचवीस वर्षे रुग्णांच्या उशाशी बसताना आम्ही ऐकले ते निराळेच: घोटभर पाण्याची मागणी, कूस बदलण्याची विनवणी आणि पुष्कळशी शांतता.

पुस्तक परत करताना आम्ही हे बोलून दाखवले. तिचा धाकटा भाऊ रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्या अखेरच्या दिवसांत आम्ही नेमाने जात असू. ती हळूच म्हणाली, "फादर, तुमच्यासमोर तो गप्पच असायचा. तुम्ही गेलात की तुमची नक्कल करून आम्हांला हसवायचा."

आम्ही निरुत्तर झालो. कादंबरीतल्या त्या तळघरात पॅट्रिक नावाचा मार्गदर्शक आहे. तो भल्या मनाने उपदेश करतो आणि मुले त्याची थट्टा करतात. ती पाने आम्ही जरा घाईनेच उलटली होती. स्वतः ग्रीन यांनी तरुणपणी मुलांच्या रुग्णालयात चॅप्लिन म्हणून काही काळ सेवा केली होती. आमची पाठ वळल्यावर काय बोलले जाते, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक असावे.

कादंबरी आम्हांला आजही भावत नाही. परंतु जिचा दाखला देऊन आम्ही ती नाकारली, ती शांतता आजाराची होती की आमच्या उपस्थितीची, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही.

गेल्या महिन्यात एका आजारी मुलाच्या भेटीस गेलो, तेव्हा प्रार्थनेआधी विचारले, "बाळ, आज दिवसभर काय केलंस?" तो बराच वेळ क्रिकेटविषयी बोलत राहिला. आम्हांला त्यातले फारसे कळले नाही.