अक्षरांना आवाज मिळावा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आपल्या या नगरीत महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातील वंचितांना उच्चशिक्षणाचे दार खुले झाले. त्याच वारशाचा विचार करताना आज आम्हांस दृष्टिबाधित विद्यार्थ्यांविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

अंधत्व हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय, असे सांगणारे आजही भेटतात. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला आहे. म्हणून आम्ही असे मानतो की, या मुलांची वाट डोळे अडवीत नाहीत, व्यवस्था अडवते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तथापि केवळ पटावर नाव आले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे.

साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. शुद्धलेखनासाठी ब्रेल हवीच. तिच्या जोडीला अँड्रॉइड मोबाइलमधील टॉकबॅक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनीच ती निर्माण केली, ही बाब आम्हांस विशेष मोलाची वाटते. इतिहास शिकविताना जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नकाशा केला, तर गोदावरी बोटांना सापडते. फळ्यावर लिहिताना शिक्षकाने ते मोठ्याने उच्चारले, तर त्याचा लाभ सगळ्याच वर्गाला होतो.

मग अडते कोठे? एकदा वक्तृत्व स्पर्धेचे पत्रक छायाचित्राच्या रूपात मोबाइलवर आले. आमच्या एका विद्यार्थिनीच्या मोबाइलने ‘चित्र’ एवढेच उच्चारले. विषय होता समतेचा! जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या मजकुराचीही हीच गत होते. पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु आत साठवलेली चिन्हे वेगळीच असतात. त्यामुळे यंत्र निरर्थक ध्वनी काढते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर अचूक वाचला जातो. आपल्या चळवळीचे कितीतरी साहित्य आजही पानांच्या छायाचित्रांतच बंद आहे.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने आपल्याच लेकरांपुढे मुकी पाने ठेवू नयेत. माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती आहे : एखादी जुनी पुस्तिका युनिकोडमध्ये टंकलिखित करा, एखादे प्रकरण स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा. या स्मरणिकेची युनिकोड प्रतही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. कोण्या विद्यार्थ्याने ती कानांनी वाचली, तर तिचे सार्थक होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!