रात्रीची येरझार

आमची आई रात्री पोटऱ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळून बांधीत असे. 'पाय ओढतात गं,' एवढेच म्हणे. खडकी बाजारामागच्या आमच्या दोन खोल्यांत, लोणावळ्याची शेवटची लोकल निघून गेल्यावरही तिची चूल ते दार अशी येरझार चालू असायची. चालले की बरे वाटे; अंग टाकले की पुन्हा तेच. आम्ही दोघी बहिणी तेव्हा एम.ए.ला होतो. सकाळी पेपर असे, आणि तिच्या पावलांचा आम्हांला राग येई. एका डॉक्टरांनी 'मनाचे खेळ' म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. आम्हीही ते मान्य करून टाकले.

चाळिशीनंतर तेच पाय आमच्या वाट्याला आले. प्रथम थोरलीच्या, मग धाकटीच्या. डॉक्टरबाईंनी विचारले, 'नेमके काय होते?' आणि वीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या आम्ही दोघी निरुत्तर! कळ म्हणावी तर दुखत नाही, मुंग्या म्हणाव्यात तर बधिरपणा नाही. वळवळ, शिवशिव, सळसळ असे एकेक शब्द पुढे केले. प्रत्येक थोडा खरा, थोडा खोटा. (अभ्यस्त शब्दांवर तास घेणे वेगळे.) शेवटी आईचेच क्रियापद कामी आले.

स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ साली या विकारावर सविस्तर प्रबंध लिहिला. 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव त्यांचेच. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनीही असे रुग्ण पाहिले होते. मेंदूतील लोह आणि डोपामिन यांच्याशी त्याचा संबंध आहे, आणि पुष्कळदा तो घराण्यातून उतरतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा अपुरा असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासतात. ते ७५ च्या वर नसेल तर लोह देण्याचा विचार होतो. आमचे त्याच्या निम्म्यानेही नव्हते. लोहाच्या गोळ्या आल्या, जेवणाला लागून घेतलेला चहा गेला (प्राध्यापकवर्गाला हेच सर्वांत जड), आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्याही, कारण त्या हा त्रास वाढवितात. डोपामिनची नक्कल करणारी औषधे एकेकाळी सर्रास देत. दीर्घकाळ घेतल्यास ती दुखणे बळावू शकतात, म्हणून २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी ती मागे सारली आहेत.

आमच्या रात्री आता पुष्कळशा सुधारल्या आहेत. आई २००९ मध्ये गेली. तिचे फेरिटिन कोणी पाहिले नाही, आणि 'नेमके काय होते गं?' असे आम्हीही तिला एकदाही विचारले नाही.