वशिंड नसलेला बैल

परवा रात्री वडनेर भोलजीहून धाकट्याचा फोन आला. "भाऊ, ती गव्हाण फोडू का? वाळवी लागली तिले." बैल विकले तेव्हापासून कोठ्यात सोयाबीनची पोती आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आहेत. उद्या सांगतो, म्हणून फोन ठेवला. आणि इथं वसईत, तिसऱ्या मजल्यावर, नाकात तुरीच्या कुटाराचा वास भरला.

वसईतल्या पहिल्याच डिसेंबरात शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या, "गोठा बघायला या." मी चपला घालून निघालो, तर त्यांनी बैठकीतच थांबवलं. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा डोंगर, भाताचा पेंढा, वाटीत उगवलेल्या गव्हाचं कुरण. ते हिरवं पाहून घटातलं धान आठवलं. मरिया, योसेफ, मेंढपाळ सगळे हजर. गव्हाण तेवढी रिकामी. बाळ चोवीस तारखेच्या मध्यरात्री ठेवायचं असतं.

माझी नजर बैलावर अडली. गुबगुबीत, प्लॅस्टरचा, आणि वशिंडच नाही! सगळ्या शहाण्यांना तारा दिसला, पण बैलाची पाठ कुणी पाहिली नाही, याचा राग मला अजून आहे. पुढच्या वर्षी पोळ्याला नांदुऱ्याच्या बाजारातून मातीचा बैल आणला. मावशींनी तो काही न बोलता योसेफाशेजारी ठेवला. योसेफापेक्षा तो उंच निघाला.

नाताळच्या या देखाव्याला गोव्यात गोठोच म्हणतात. पोलंडमध्ये शोप्का, म्हणजे छोटी झोपडी. स्पेनमध्ये बेलेन, म्हणजे बेथलेहेमच. पण इटलीचं प्रेझेपे, फ्रान्सचं क्रेश, जर्मनीचं क्रिप्पं आणि इंग्रजांचं क्रिब, हे सगळे शब्द मुळात गव्हाणीचे. कुणी घराचं नाव घेतलं, कुणी गावाचं, कुणी नुसतं चारा टाकायच्या जागेचं. कॅटालोनियात तर या देखाव्याच्या कोपऱ्यात लाल टोपीचा एक शेतकरी परसाकडे बसलेला असतो. जमिनीला खत मिळतं, असं त्याचं समर्थन करतात. आबांना हे लगेच पटलं असतं.

आबा म्हणजे माझे आजोबा. थंडीत, कंदिलाच्या उजेडात, गव्हाणीत कुटार टाकलं की ते त्यात कोपरापर्यंत हात घालायचे. तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. खिळा, तारेचा तुकडा, बाभळीचा काटा सापडला की कोनाड्यात ठेवायचे. "ढोर पाहून खात नाही," म्हणायचे, "आपुन पाहाव लागते." मग बैल मान खाली घालायचे. त्यांच्या मानांनी घासून गव्हाणीची कड हाडासारखी गुळगुळीत झाली होती. माझं गाल टेकवून झोपणंही तिथंच.

पुढं कधीतरी मावशींचं बायबल चाळलं. लूकच्या शुभवर्तमानात बैल नाही, गाढव नाही, गोठाही नाही. आहे ती फक्त गव्हाण. बैल आणि गाढव यशया संदेष्ट्याच्या एका वचनातून नंतर आले. धन्याला ओळखणारी ती जनावरं होती, आणि ओळख विसरलेली माणसं. गव्हाण पाहून लोकांनीच तिच्याभोवती कोठा उभा केला. आमच्याकडे उलट झालं. आधी बैल गेले, मग कोठ्याचा कोठेपणा गेला. गव्हाण तेवढी उरली.

इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसनं खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ साजरा केला. त्याचा चरित्रकार थॉमस सांगतो, की ते गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी जनावरांना चारलं. जनावरं बरी झाली. चमत्काराचं मला कळत नाही. पण त्या रात्रीनंतर कुणाला तरी आधी आपलं ढोर आठवलं, एवढ्यावरून ते गाव आमच्याकडचंच वाटतं.

एका वर्षी मध्यरात्री मी मावशींकडे होतो. त्यांनी बाळ कापसात गुंडाळून आणलं. ठेवण्याआधी त्या वाकल्या आणि गव्हाणीतल्या पेंढ्यावरून तळहात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक काडी उचलून बाजूला टाकली. मूर्ती मातीची, बोटाएवढी. तिला काय टोचणार होतं?

मूर्ती घडवणाऱ्यांनी योसेफाच्या हातात काठी दिली, कधी कंदील दिला. त्याचा हात पेंढ्यात गेलेला मी कुठं पाहिला नाही. पण लेकरू चाऱ्यात ठेवायचं तर आधी तेच केलं असणार.

आज सकाळी धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "फोड. वरची कड तेवढी कापून ठेव."

"ते कायले?"

मला सांगता येईना. तो थोडा थांबला, मग म्हणाला, "किती फूट ठेवू, ते तं सांग."