डोळ्यांची पाटी

देवाने माणसाला दोन डोळे दिले. पण त्यांच्यामागे टांगलेली पाटी मात्र फारच लहान दिली, अशी माझी त्याच्याकडे जुनी तक्रार आहे. पाहिलेले सारे तीवर उमटते आणि वाचून होण्याआधीच पुसले जाते.

आमच्या प्रताप नगरातल्या घरी दिवाळीत एक खेळ हमखास रंगतो. परातीत किल्ली, अडकित्ता, पणती, बटण अशा २० वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहू द्यायच्या आणि वर पंचा टाकायचा. मग ज्याने त्याने आठवतील तेवढ्या लिहून काढायच्या. किपलिंगच्या १९०१ सालच्या ‘किम’ कादंबरीत हेरगिरी शिकणारा पोरगा असाच खेळ खेळतो. १९०८ साली बेडन-पॉवेल यांनी तो बालवीरांच्या हाती दिला.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने १३ वस्तू लिहिल्या. ८२ वर्षांच्या आईला ५ आठवल्या. “माझं डोकं चाललं रे आता,” एवढेच ती म्हणाली. कुणी हसले नाही. तीच शंका काही महिने आम्हा साऱ्यांच्या मनात होती.

दुपारी पाने मांडली. आई दारातूनच म्हणाली, “तिसऱ्या पानात लिंबू नाही. आणि त्या टोकाला चटणी उजवीकडे का वाढलीस ग?” पाने होती ११, आणि तिने पाहिले होते एकदाच!

हे कसे? १९९७ साली लक आणि व्होगेल या संशोधकांनी माणसांना रंगीत चौकोन क्षणभर दाखवून पाहिले. तरुणांच्याही पाटीवर जेमतेम चारच टिकले. १९७३ साली चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळाचा पट पाच-पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातली मोहरी पटाईत खेळाडूंना भराभर आठवली. तीच वेडीवाकडी मांडली, तेव्हा त्यांच्यात आणि नवख्यांत फारसा फरक उरला नाही. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिला विश्वचषक जिंकला. तिला पटावर सुटी मोहरी दिसत नसावीत. डाव दिसत असावा. आईला तसेच पान दिसते. माझ्या मुलीनेही किल्ली, कपाट, अडकित्ता अशी मनात एक गोष्टच गुंफली होती!

स्मरणशक्ती वाढवणारे खेळ हल्ली मोबाईलवर मिळतात. ते खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. पण ती करामत इतरत्र फारशी उपयोगी पडत नाही, असाच बहुतेक प्रयोगांचा कौल आहे. पाटी रुंदावत नाही. वयाबरोबर ती थोडी आक्रसतेही, आणि आईचीही आक्रसली असेल. पण जे आपण आवडीने वर्षानुवर्षे हाताळले, त्याच्या दहा गोष्टींची एकच गोष्ट होते, आणि मग ती लहान पाटीवरही मावते.

संध्याकाळी मी हे सारे आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “ते असू दे बाबा. उद्या लिंबू विसरू नका म्हणजे झालं.”